सूचीत नसलेली क्लच केबल

श्रीगुरुकृपेने आज आमची गाडी पुन्हा चालू झाली. उद्या सकाळी पत्नीला डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी न्यायचे आहे आणि क्लचची केबलच तुटली होती.

गारखेड्यातील सुट्या भागांच्या दुकानात सूची पाहिली, तर आमच्या मॉडेलपुढे जागा कोरी. मी निघालो, तोच दुकानदार सलीमभाई म्हणाले, "काका, यादीत नाय म्हणून दुनियेत नाय, असं थोडंच हाय? थांबा की!"

त्यांनी त्याच कंपनीच्या व्हॅनची केबल मी सोबत नेलेल्या जुन्या केबलीशेजारी धरली. तंतोतंत जुळली. एका पोथीत गळालेली ओवी दुसऱ्या प्रतीवरून भरण्यात माझे आयुष्य गेले, तरी मला हे सुचले नव्हते!

मग सूचीतील कोऱ्या जागी त्यांनी पेन्सिलीने नोंद केली. "पुढचा माणूस रिकाम्या हाती नको जायला."

वाचकहो, तुमचीही अडलेली वाट अशाच सज्जनाच्या हातून मोकळी होवो.