कडब्याच्या गंजीपाशी

शनिवार, जालना. हजर: पाचवीची मुलं, त्यांच्या बाई आणि मी. शाळेच्या मैदानावर बाई मुलांना सायकलचा ब्रेक शिकवत होत्या. चेनच्या ग्रीसचा वास आला आणि मी लहानपणीच्या आमच्या गावी, धावड्याला पोचले.

सायकल चालवता आली तरच सातवीनंतर परगावची शाळा, असं बाबांनी बजावलं होतं. त्यांच्या उंच सायकलच्या दांड्याखालून पाय घालून मी कैची मारत निघाले. कॅरिअर धरून पळणारी मैत्रीण शबाना ओरडली, "बराबर चालून राह्यली! सोडते मी!"

"अगं, थांबू कशी?"

"मला कुठं येती सायकल!"

मी थेट कडब्याच्या गंजीत घुसले. बाबा हसत म्हणाले, "जाय मंग शाळंत. गंजी पाहून थांबत जाय."

थांबायचं कसं, हे शिकवणं तेव्हा कुणालाच कसं सुचलं नसेल? शबाना आता इथंच जालन्यात, मस्तगडला असते. तिला सायकल शिकवायची अजून बाकी आहे.