दुसऱ्या डोमेनवर दुकानाचं नाव टाकू का?

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही.

पिंपळगाव राजा या गावात आमचं बियाण्यांचं दुकान आहे. दुकानाची वेबसाइट आहेच. गिऱ्हाईक वाढावं म्हणून 'कपाशी बियाणे' नावाचं दुसरं डोमेन, म्हणजे आणखी एका वेबसाइटचा पत्ताही नुकताच घेतला.

आज सलीमचाचा आमच्याकडून नेलेल्या बीटी कपाशीच्या बियाण्याचं रिकामं पाकीट घेऊन आले. "बेटी, अर्धं वावर उगवलंच नाही. बाकीच्याइले तरी सांग!" याच बियाण्याची ही तिसरी तक्रार.

मी ठरवलं, नव्या डोमेनवर विक्री करायची नाही. कोणतं बियाणं उगवलं नाही, तेच तिथं सांगायचं.

नवरा भडकला. "कंपनी माल देणं बंद करीन, मंग विकशीन काय?"

तरी मी तिथं पाकिटाचा फोटो टाकला. खाली आमच्या दुकानाचं नाव लिहायला मात्र मन धजत नाही. तुम्ही लिहिलं असतं का?