राजवाड्याच्या दारात आठ मिनिटं उशिरा

आमच्या घरात पत्रक नाकारायची पद्धत नाही. रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर कुणी हातात कागद दिला, तर तो घ्यायचा, उभ्याउभ्या वाचायचा आणि मगच पुढे जायचं. मग तो खाडीवरच्या प्रकल्पाविरुद्धचा असो, नाहीतर मूळव्याधीच्या औषधाचा. हा नियम बाबांचा. त्यांची सगळी हयात पत्रकं लिहिण्यात आणि वाटण्यात गेली, त्यामुळे समोरच्याने हात मागे घेतला की कसं वाटतं ते त्यांना चांगलं ठाऊक आहे. मी वाचायला शिकले तीही पत्रकांवरच. आता मी स्वतः लिहिते, आणि लोक म्हणतात की माझ्या लेखाच्या शेवटी कुठेतरी मोर्चा निघतोच.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. ती निवृत्त झाली तेव्हा आम्ही विचारलं, कुठे जाऊन येऊया? बाबांना वाटलं अंदमान म्हणेल. ती म्हणाली, "सोल."

गेली दोन वर्षं ती फोनवर कोरियन मालिका बघत होती. खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी वाचत, भाजी निवडत. त्यातल्या राण्या आणि दासी, त्यांचे ते पायघोळ घेरदार परकर, राजवाड्याची फरसबंद अंगणं, हे तिला आमच्या गल्लीइतकं ओळखीचं झालं होतं.

"राजेलोकांचे वाडे बघायला एवढ्या लांब?" बाबा म्हणाले.

"मी तीस वर्षं सहलीला पोरांना आपल्या गावातला ब्रह्मदेशच्या कैदी राजाचा वाडा दाखवला," आई म्हणाली. "दरवर्षी तेच. राजा इथे कोंडलेला होता, बाळांनो, रांगेत चला. आता मला राजा आपल्या स्वतःच्या घरी राहायचा तो वाडा बघायचाय. हानबोक घालून."

हानबोक म्हणजे तो पायघोळ पोशाख. राजवाड्याजवळच्या दुकानांत तो काही तासांसाठी भाड्याने मिळतो आणि तो घालून गेलं की आत तिकीटही लागत नाही. आईला एवढंच हवं होतं. बाकी चार दिवस मी म्हणेन तिकडे यायला ती तयार होती.

बाबा घरीच राहिले, आम्ही दोघीच गेलो. आणि मी तिला खरंच म्हणेन तिकडे नेलं. पहिल्या दिवशी चौकात कसलीशी निदर्शनं होती, तिथे आम्ही तीन तास उभ्या होतो. दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या जुन्या कारखान्यांचा भाग. आई माझ्यामागून चालत होती. मध्येच भुयारी रेल्वेच्या जिन्यावर थांबायची, भाजलेल्या रताळ्यांच्या वासाने मान वळवायची, शाळेतून सुटलेल्या मुली खिदळत गेल्या की त्यांच्याकडे बघत राहायची. एवढं मोठं शहर, पण तिला ते घाबरवत नव्हतं. घाई मलाच होती. राजवाडा मी रोज पुढे ढकलला आणि शेवटी सोमवार उरला. मंगळवारी तो बंद असतो, बुधवारी सकाळी आमचं विमान होतं.

सोमवारी दुपारी आईने हानबोक घातला. आंब्याच्या मोहरासारखा फिका पिवळा परकर आणि वर आखूड जांभळं जाकीट. आरशासमोर ती इतकी गप्प झाली की दुकानातली मुलगी घाबरून तिला विचारू लागली, आवडला नाही का? मला आई म्हणाली, "तूही घाल गो."

"मी नाही दरबारी कपडे घालणार," मी म्हणाले. "तत्त्व आहे माझं."

"बरं बाई. तत्त्व घालून चल."

साडेतीन वाजले होते. पाचनंतर आत सोडत नाहीत, हे आईने आदल्या रात्रीच वहीत लिहून ठेवलं होतं. चालत वीस मिनिटांचा रस्ता.

वाटेत भुयारी रेल्वेच्या दाराशी एक म्हातारी पत्रकं वाटत होती. डोक्यावर उन्हाची टोपी, हातात कामाचे मोजे, पाठीत वाकलेली. माणसं तिच्या बाजूने पाण्यासारखी निघून जात होती, एकही हात पुढे येत नव्हता. आम्ही दोघींनी अर्थातच पत्रक घेतलं. लाल शाई, उगारलेली मूठ, तीन उद्गारचिन्हं. कोरियन मला एक अक्षर येत नव्हतं, पण मजकुराचा अर्थ लागला असं मला वाटलं. फोनचा कॅमेरा कागदावर धरला असता तर भाषांतर तिथल्या तिथे मिळालं असतं. मला गरजच वाटली नाही.

मी म्हातारीच्या हातातला अर्धा गठ्ठा घेतला आणि वाटायला लागले. ती नको नको म्हणत होती, मला तो तिचा संकोच वाटला. आईनेही दहा मिनिटं हातभार लावला. हानबोक घातलेली एक परदेशी बाई वाकून कागद देते म्हटल्यावर लोक हसून घेऊ लागले. मला तर स्फुरणच चढलं.

"चल गो आता," आई म्हणाली.

"पाच मिनिटं."

"चार वाजून गेले."

"आई, हिचं वय बघ. हिला असं सोडून आपण राजवाडे बघायला जायचं?"

आई परकर चिमटीत उचलून कडेला उभी राहिली. थोड्या वेळाने एक तरुण माणूस आला, त्याने माझ्या हातातला गठ्ठा काढून घेतला आणि म्हातारीला काहीतरी सुनावलं. मी त्याच्याशी भांडले. इंग्रजीत सुरुवात केली आणि मराठीत गेले. म्हातारी माझ्या दंडाला धरून मला दूर ढकलत होती. तेव्हाही मला वाटलं, ती मला वाचवतेय.

आम्ही धावतच निघालो, पण त्या परकरात आईला धावता येत नव्हतं. दारावर पोचलो तेव्हा पाच वाजून आठ मिनिटं झाली होती. पहारेकऱ्याने नम्रपणे दोन्ही हातांची फुली केली. आत माणसं फिरत होती, ती दिसत होती. आईने त्याला एकदा घड्याळ दाखवलं, एकदा आपला पोशाख दाखवला. त्याने पुन्हा फुली केली आणि कमरेत वाकला. आईही वाकली.

"जाऊ दे आई," मी म्हणाले. "राजवाडा म्हणजे शेवटी रयतेच्या घामावर..."

"तुझं पत्रक नंतर वाच," आई म्हणाली.

त्या संध्याकाळी हॉटेलात मी तो कागद फोनसमोर धरला. व्यायामशाळेची जाहिरात होती. तीन महिन्यांत पोट कमी करून मिळेल. मूठ व्यायामाची होती. रोजावर कागद वाटणाऱ्या त्या म्हातारीला माझ्यामुळे त्या तरुणाची किती बोलणी खावी लागली असतील, कुणास ठाऊक. कागद आणि फोनवरचं भाषांतर मी आईला दाखवलं. तिने नेहमीच्या शिस्तीने ते पूर्ण वाचलं, कागदाची घडी घातली आणि तो परत दिला.

रत्नागिरीला आल्यावर आईच्या शाळेतल्या जुन्या बाई भेटायला आल्या. पहिलाच प्रश्न, "राजवाडा बघितलास काय गो?"

"बंद होता," आई म्हणाली.

"अगोबाई! एवढ्या लांब जाऊन?"

"असतं एकेकाचं."

पत्रकात एक शब्द खोटा जाऊ नये म्हणून बाबांशी रात्र रात्र वाद घालणारी माझी आई. मी समोर बसले होते. "बंद नव्हता, मी उशीर केला," एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी पोह्यांची बशी संपवली.

बाई गेल्यावर मी म्हणाले, "आई, खोटं कशाला बोललीस?"

"मग काय सांगू? माझी लेक पोट कमी करायची चळवळ चालवत होती?" ती हसली. मला हसता आलं नाही. मी माफी मागितली, फार उशिरा आणि फार लांबलचक. म्हणाले, पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ, पहिल्याच दिवशी राजवाडा बघू, मी पण हानबोक घालीन.

आईने शांतपणे ऐकून घेतलं. "जाणार आहे मी," ती म्हणाली. "पण तू येऊ नको. एकटी जाईन."

"एकटी? अगं, तुला तिथली भाषा येत नाही."

"तुला तरी कुठे येत होती?" असं म्हणून ती वाळत घातलेली आमसुलं उलटायला गच्चीवर गेली.