मामाने दाखवलेला परदेश

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी रडू आलं नाही, रागच आला. येत्या रविवारी आम्हाला फिरायला जायचं होतं, आणि दिलेला शब्द मोडणं मामाच्या स्वभावात कधीच नव्हतं...

सत्तरच्या दशकात मामा आफ्रिकेतल्या लागोस शहरात, एका कापडगिरणीत लूम बसवायला गेला होता. भिवंडीत आमच्या आळीतून विमानात बसलेला तो पहिलाच! परतला तेव्हा अंगणात ही गर्दी. सगळ्यांना उंच इमारतींबद्दल ऐकायचं होतं, मामा मात्र रस्त्यावरच रमलेला. डोक्यावर पावांची परात घेऊन मोटारींमधून धावणाऱ्या बायका, एका नळावर जुंपलेली भांडणं, गटारावर फळी टाकून थाटलेलं न्हाव्याचं दुकान... सांगता सांगता तो उठून धावून दाखवायचा. एकदा तर भर बाजारात त्याने मिरच्या विकणाऱ्या बाईच्या वस्त्राचा काठ चिमटीत धरून कापड तपासलं! भिवंडीकराचा हात तो, गप्प कसा बसेल? बाई ओरडली, माणसं जमली. मामाला भाषा येईना. घाबरून त्याने आपल्याच सदऱ्याचं टोक तिच्यापुढे धरलं. तिने ते चोळून पाहिलं, नाक मुरडलं आणि खो खो हसत सुटली. मग घरी नेऊन पोरांच्या पंगतीला बसवून भाजलेलं कणीस दिलं. घर म्हणजे पत्र्याची एक खोली, पाय पसरायला जागा नाही.

"गरिबीच बगायची तं एवड्या लांब कशाला गेलास रं?" शेजारच्या काकांनी विचारलं. सगळे हसले.

"हितली तरी कवा बगितली आपुन?" मामा म्हणाला.

पुढच्या खेपेला तो मामीला नेणार होता. तिने पासपोर्टचा फोटोही काढला होता. पण गिरणीने पुन्हा बोलावलंच नाही आणि मामी धुसफुसू लागली. आम्ही जमीनवाले. कामतघरच्या लूम-कामगारांच्या चाळींत आमच्या बायकांनी पाऊल टाकायचं नाही, असा आजोबांचा दंडक. चालत जाण्याइतकं अंतर, पण तिथलं एकही माणूस आमच्या ओळखीचं नव्हतं. एका रविवारी मामा मामीला म्हणाला, "चांगलं लुगडं नेस. परदेशात जायचं हाय." मीही हट्टाने निघाले.

कामतघरला, लूमच्या खडखडाटात मामी एका खोलीच्या दारात थबकली. आत माणसं दाटीवाटीने झोपलेली.

"आइए ना, बाहर क्यों खड़ी हैं?" चहा उकळणारी बाई म्हणाली.

"पण ये लोग सोयेला हाय ना!"

"रात की ड्यूटी है इनकी. ढोल बजाओ तो भी नहीं उठेंगे."

मामी हसली, आत जाऊन बसली आणि तास झाला तरी उठेना! घरी आल्यावर आजोबा कडाडले. तिने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि मामाला हळूच विचारलं, "पुडच्या रईवारी कवा निघायचं?" त्यानंतर त्यांचे रविवार सहसा चुकले नाहीत. तिथल्या बाळंतपणांना, लग्नांना दोघं हजर असायची. मला या दोघांचा भारी हेवा वाटायचा.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर भावकीतल्या थोरल्यांनी मामीला बजावलं, "आता वरीसभर उंबरा वलांडायचा न्हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ऐंशीची मामी काठी घेऊन दारात उभी!

"मामी, कुठे?"

"कामतघरला. पार पडघ्याच्या पावन्यांपातुर समद्यांना निरोप धाडलात तुमी. त्यांना कोनी सांगितलं का?"

कुणीच सांगितलं नव्हतं. कुणाला सुचलंच नव्हतं.

"मंग बाजूला हो, बाय," मामी म्हणाली. "घरचं मानूस गेल्याचं घरच्यांनीच सांगाय लागतं."