शनिवारचा कुत्रा आणि नरसय्याअण्णाचा कान

सोलापुरात कार्टून मी आणलं. कुणालाही विचारा, छाती ठोकून सांगतो! म्हणजे तसं ते रेल्वेनं आणलं, कुर्डुवाडीला गाडी बदलून. मी नुसती स्टेशनावरून पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली. तीही चौकापर्यंतच. तिथं मान दुखायला लागली, म्हणून पुढं हुसेनभाईनं वाहिली. पण टॉकीजच्या दारात शेठ उभे दिसले, तेव्हा पेटी परत माझ्या डोक्यावर आली!

आता माझी नात उठल्यापासून टीव्हीवर कार्टून बघते. तिला म्हटलं, आमच्या वेळी आठवड्यातून एकदाच असायचं, शनिवारी. तर म्हणाली, "मग बाकीचे दिवस काय करायचा?"

काय करणार? शनिवारचं बोलत बसायचो. ते बोलणं अजून संपलेलं नाही. दुधाच्या पातेल्याला खरवड धरते ना, तसे असले किस्से माणसाच्या बुडाशी धरतात. खरवडाल तेवढे निघतात, आणि खरवडच जास्त गोड लागते.

*

सत्तरच्या पुढची सालं. टीव्ही गावात कुणी डोळ्यानं बघितलेला नव्हता. पुण्यात आलाय म्हणे, एवढंच. आमच्या टॉकीजला शनिवारी सकाळी अकराचा एक खेळ कार्टूनचा असायचा. शनिवारची शाळा सकाळची. ती सुटली की पोरं दप्तरासकट पळत यायची. त्यांच्या मागून रातपाळी केलेले गिरणीतले कामगार, झोप डोळ्यांत घेऊन.

पेटी एकच होती, मी आणलेली. (बरं, हुसेनभाईनं आणलेली.) वर्षानुवर्षं तीच. एक लठ्ठ कुत्रा, एक वाळका कोंबडा. कुत्रा कोंबड्याच्या मागं लागतो, मडक्यांच्या उतरंडीवर आदळतो, कड्यावरून पडतो, पापडासारखा चपटा होतो, आणि उठून परत पळतो. संपलं! बोलणं एक अक्षर नाही. नुसते आवाज. धप्प, कुईंऽऽ, खळ्ळ, आणि शेवटी कोंबड्याची बांग.

खेळाला आम्ही तिघं. दारावर हुसेनभाई, हातात बॅटरी. वर केबिनमध्ये मशीन चालवायला नरसय्याअण्णा. आणि मी. माझं काम टांग्यात बसून पत्र्याच्या भोंग्यातून गावभर ओरडायचं, म्हणून मला नावच भोंग्या पडलं. शिक्षणाचं म्हणाल, तर चौथीच्या वर्गात मी इतका रमलो की मास्तर बदलून गेले, मी तिथंच!

*

अण्णाचं मात्र नीट सांगायला पाहिजे.

अण्णा तेलुगू, घरातले सगळे विणकर. त्याची निम्मी उमर गिरणीत मागावर गेली. तिथं खडखडाट एवढा की शेजाऱ्याला मारलेली हाक शेजाऱ्याला जात नाही, म्हणून सगळे हातानं बोलतात. पाणी, मुकादम, घरी पोरगी झाली, सगळं हातानं. त्या खडखडाटात अण्णाचे कान गेले. मग छाती भरायला लागली म्हणून गिरणीही गेली. तेव्हा त्याला हे शनिवारच्या खेळाचं आणि रिळं गुंडाळायचं काम मिळालं. बाकीचे खेळ दुसरा ऑपरेटर चालवायचा.

कान गेलेत हे शेठना माहीत नव्हतं. शेठ माणूस वाईट नव्हते, पण आधीचा एक ऑपरेटर झोपला, साउंड गेला, पब्लिकनं खुर्च्या मोडल्या, तेव्हा शेठनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवला होता. अण्णाला घरी पाठवला असता, तर त्या वयात, त्या छातीनं, त्याला दुसरीकडं कुणी उभा केला नसता. त्याच्यामागं घरात चार तोंडं होती.

म्हणून आमची युक्ती ठरली होती. मी बाल्कनीत बसायचो. साउंड गेला की मागं वळून आपला कान ओढायचा. अण्णा केबिनच्या झरोक्यातून बघायचा आणि मशीनमधला साउंडचा दिवा बदलायचा; तो विझला की चित्र राहायचं, आवाज जायचा. हाका मारून उपयोग नव्हता.

मी विचारलं होतं, "अण्णा, मी नसलो तर तुला साउंडचं कसं कळायचं?"

म्हणाला, "पोरांची तोंडं बघतो रा! पोरं पडद्याकडं बघतात, म्हणजे साउंड आहे. पोरं माझ्याकडं बघतात, म्हणजे गेला!"

*

आता कान ओढायचं माझ्या हातात दिल्यावर मी गप्प बसेन का?

एका शनिवारी साउंड ठणठणीत चालू असताना मी कान ओढला. दिवा तर जळत होता, म्हणून अण्णानं आवाज वाढवला. मी परत ओढला. त्यानं आणखी वाढवला. शेवटी कोंबडा असा काही आरवला की छपरातली सगळी कबुतरं उडाली, आणि बाहेर हुसेनभाईचा चहा त्याच्याच पायजम्यावर सांडला!

पुढच्या शनिवारी दिवे जायच्या आधी झरोक्यातून नुसता हात बाहेर काढून अण्णानं खालच्या कामगारांना गिरणीच्या खुणांनी कायतरी सांगितलं. अख्खी रांग वळली, माझ्याकडं बघितलं आणि पोट धरधरून हसली. खेळ सुटला तरी हसत होती.

मी हुसेनभाईला विचारलं, "काय म्हणाला रे अण्णा?"

"मेरे कू क्या मालूम," हुसेनभाई म्हणाला. "मगर तेरे बाप का जिकर था!"

*

पोरांनी त्या लठ्ठ कुत्र्याला नाव ठेवलं होतं, फौजदार. कारण तोही नुसता पळायचा आणि त्याच्या हाती कधी कोण लागायचं नाही.

एकदा खरे फौजदार आले. बायको-पोरांना घेऊन, ड्रेसवरच. मी त्यांना खाली चांगली पुढची खुर्ची दिली आणि शेजारीच उभा राहिलो. खेळ सुरू झाला, कुत्रा कड्यावरून पडला, आणि सगळं थेटर एका आवाजात ओरडलं, "फौजदार मेला रं, मेलाऽऽ!"

साहेब ताडकन उभे राहिले. टोपी घातली. वळून सगळ्या पोरांवरून नजर फिरवली. मी घाम पुसत म्हटलं, "साहेब, ते कुत्र्याला म्हंतेत..."

म्हटलं आणि जीभ चावली!

तेवढ्यात साहेबांचीच धाकटी पोरगी मागून त्यांचा शर्ट ओढत म्हणाली, "बाबा, खाली बसा की! फौजदार दिसंना झालाय!"

*

एकदा रीळ परत गुंडाळायचं राहिलं. अण्णानं तसंच मशीनवर चढवलं. पडद्यावर सगळं उलटं! कुत्रा डोकं खाली पाय वर, आणि पळतोय मागं मागं.

पोरं आधी ओरडली. मग त्यातल्या कुणाला तरी अक्कल सुचली. त्यानं खुर्चीत पाय वर केले आणि डोकं खाली सोडलं. त्याचं बघून दुसऱ्यानं. बघता बघता सगळं थेटर उलटं!

हुसेनभाई बॅटरी घेऊन वर बाल्कनीत आला, आणि दारातच थांबला. "क्या रे भोंग्या, इत्ते टांगां कायके?"

मी म्हटलं, "तू पण बघ की उलटा."

त्यानं दाराला धरून मान पार वाकडी केली. पडद्यावर चपटा झालेला कुत्रा फुगून उठला, वर वर जाऊन कड्यावर नीट उभा राहिला. फुटलेल्या मडक्यांच्या खापऱ्या गोळा झाल्या, एकेक मडकं सांधलं, उतरंड होती तशी लागली.

हुसेनभाई तसाच बघत राहिला. त्याची बायको त्या उन्हाळ्यात गेली होती. रीळ संपल्यावर मान सरळ करून म्हणाला, "ये मशीन अच्छा है रे. घर कू भी एक होना था."

तो दारावर गेला आणि बॅटरीची काच कितीतरी वेळ सदऱ्यानं पुसत बसला.

*

आता शेवटचा.

कुणीतरी शेठच्या कानावर घातलं. कुणी, ते आम्हाला कधी कळलं नाही. एका शनिवारी शेठ स्वतः खेळाला आले. जिना चढून वर आले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले.

"भोंग्या, तुमचा ऑपरेटर बहिरा हाय म्हंतेत. खरं का?"

मी म्हटलं, "शेठ, बहिरा कुठला! कमी बोलतो एवढंच."

"मला पब्लिकची जबाबदारी हाय. बहिरा असला तर मला ठेवता यायचा न्हाय. वाईट वाटून घेऊ नको." हे ते हळू आवाजात म्हणाले. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

अंधार झाला. खेळ सुरू झाला. कुत्रा कोंबड्याच्या मागं लागला, आणि नेमका तेव्हाच साउंड गेला!

माझा हात कानाकडं निघाला. शेठनी तो वरच्यावर धरला. मी दुसरा उचलला, तोही धरला.

"हात खाली ठेव. तुझी कान ओढायची खोड पण सांगितलीय मला. आज बघू दे."

थेटरात मशीनची खरखर तेवढी. पोरं सवयीनं मागं वळली. कान ओढायचं काय असतं ते गावातल्या पोरासोरांना माहीत होतं. आजवर माहीत नव्हतं ते एकट्या शेठना. पोरांना बाल्कनीत शेठ दिसले. शेठच्या मुठीत माझे हात दिसले.

अण्णा झरोक्यात यायच्या आत पोरं गुमान पुढं वळली.

पडद्यावर कुत्रा उतरंडीवर आदळला. कुठूनतरी एक बारका आवाज आला, "खळ्ळ!"

मग दुसरीकडून, "खळ्ळ-खळ्ळ!"

कुत्रा कड्याच्या टोकावर आला. त्याचा पाय घसरला. "कुईंऽऽऽ," डावीकडच्या सगळ्या रांगा. "धप्प!" उजवीकडच्या. सगळ्यांनी मिळून पाय असे आपटले की बाल्कनीची फळी हादरली. पोरांना रीळ पाठ होतं हो! परवचा येत नसेल, पण कुत्रा कुठं पडतो, किती वेळ पडतो आणि पडल्यावर काय वाजतं, ते अगदी तंतोतंत! रातपाळीवाले सुद्धा लागले. ते मडकी फोडत होते, पोरं कुत्रा पाडत होती. पावलाला पाऊल, आवाजाला आवाज. एकही पोरगं मागं वळलं नाही.

शेठनी माझे हात कधी सोडले, मला कळलं नाही. माझ्या ध्यानात आलं तेव्हा शेवटची बांग आली होती, आणि मी उभा राहून दोन्ही हातांचा भोंगा करून आरवत होतो. सगळं थेटर आरवत होतं. छपरातली कबुतरं परत एकदा उडाली!

दिवे लागले. शेठ उठले आणि केबिनकडं गेले. दार उघडून तिथंच उभे राहिले. आत अण्णा पाठमोरा, रीळ काढत होता. शेठनी हाक मारली, "नरसय्या!" अण्णा रीळ काढतच राहिला. शेठनी परत हाक मारली नाही. दार हळूच ओढून घेतलं आणि जिना उतरले.

मी मागोमाग. खाली दारात शेठ हुसेनभाईला म्हणाले, "शनिवारी दार जरा लवकर उघडत जा. पोरं उन्हात उभी राहतेत." एवढं म्हणून निघून गेले. अण्णाचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

हुसेनभाईनं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. मग मी जिना दोन-दोन पायऱ्या चढत वर पळालो. अण्णा मशीनला फडकं मारत होता. मी त्याला खांद्याला धरून वळवलं. अर्धं हातानं, अर्धं ओरडून सगळं सांगितलं. साउंडचा दिवा गेला होता! शेठ शेजारी बसले होते! माझे हात धरले होते! सगळा आवाज पोरांनी काढला! तू आज वाचलास, अण्णा, पुरा खेळ साउंड बंद होता, बंद!

अण्णानं फडकं खांद्यावर टाकलं. मला वेड लागलंय की काय, अशा नजरेनं माझ्याकडं बघितलं.

"बंद? येंदिरा भोंग्या, काय बोलतो तू? अरे, इतक्या वर्षांत आजच तर मला ऐकू आला!"