सारवणापुरता हात

बाईंनी चपलेच्या टाचेनं देश पुसला. माझ्या डोळ्यांदेखत. झेंडा अजून फडकायचा होता.

अकोल्यातल्या एका कॉलनीत मी झाडलोट करायची. सव्वीस जानेवारीला झेंड्याच्या खांबापुढची जमीन मी शेणानं सारवली. त्यावर कॉलनीतल्या बायकांनी रांगोळीनं भारताचा नकाशा काढला. मी झाडू घेऊन कडेला उभी. नुकतंच लग्न होऊन आलेली एक पोरगी वाकून वाकून थकली. म्हणाली, "मावशी, एवढा मधला भाग भरता का?"

मधला भाग म्हणजे आपलं वऱ्हाड. मी बसले. चिमटीतून पिवळा रंग सोडला. बरं वाटत होतं.

तेवढ्यात महिला मंडळाच्या मोठ्या बाई आल्या. माझ्याशी बोलल्याच नाहीत. पोरीला म्हणाल्या, "हिला कोणी बसवलं? याची पूजा व्हायची आहे. या लोकांचा हात चालतो का?"

वाटलं, पोरगी बोलेल. ती हातातल्या बांगड्या फिरवत राहिली.

बाईंनी पाय पुढे केला. मी भरलेलं सगळं टाचेनं घासून काढलं. खालचं शेण वर आलं. मागून कोणीतरी हसलं, "मावशी, तुमचा झाडूच बरा."

शेणाला माझा हात चालला. रंगाला नाही. चौथीपर्यंत शाळेत रोज हाच हात पुढे करून मी प्रतिज्ञा म्हटली होती.

मग पाहुणे एकतेवर बोलले. नकाशाला हळदकुंकू वाहिलं, ओवाळलं. पेढे वाटले. माझा पेढा कठड्यावर ठेवला. सगळे नकाशा तुडवत घरी निघाले. बाई म्हणाल्या, "आता झाडून घे."

"मी नाई झाडत."

"काय म्हणालीस?"

"पुसाले तुमीच सुरुवात केली. तुमीच पुरं करा. पाय तं हायेच तुमाले."

"उद्यापासून येऊ नकोस."

"आजच चालली."

झाडू तिथंच टाकला. पेढा मुंग्यांनी खाल्ला असेल.

घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. शेजारची नजमा बांगड्या विकते. ती दारात येऊन म्हणाली, "काहून वो बाई, देश त्यायनं पुसला अन् तोंड तू लपवून राहिली?"

मी उठले.

पंधरा ऑगस्टला आमच्या वस्तीच्या रस्त्यावर आम्ही नकाशा काढला. शाळेतल्या पोरींनी खडूनं रेघ मारली. विटेचा भुगा, चुना, राख, कापसाच्या जिनिंगमधली सरकी, जे हाती लागलं ते भरलं. येईल त्याला जागा दिली. घर, गल्ली, जात विचारली नाही. नजमानं मधोमध फुटक्या बांगड्यांच्या काचा मांडल्या. म्हणाली, "आता लाव म्हणा टाच."

कॉलनीतली ती पोरगीही आली. कडेलाच थांबली. "मावशी, त्या दिवशी माझं चुकलं."

"चुकलंच. बस, तो कोपरा भर. पन आता कोनी आलं तं तोंड उघडजो."

ती रडली. मी नाही.

नजमाच्या काचा मात्र मी उचलून घेतल्या. वस्तीतली पोरं अनवाणी फिरतात. काचेची गरज नाही. दर साली इथं नकाशा निघेल. माझा हात त्याला लागेल, नजमाचा लागेल. पुसायला कोणी पाय पुढे केला, तर तो पाय मी याच हातानं उचलून बाहेर ठेवीन. मग तो कोणाचाही असो.