हिरव्या गालिच्यावरून अंबडचा कारखाना

आमच्या भोसरीतल्या छोट्या कारखान्यानेही आता 'हिरवं' व्हायचं, असं मालकांनी ठरवलं. म्हणून उत्पादन विभागाचा प्रमुख या नात्याने मी नाशिकच्या दोन दिवसांच्या अभ्यासदौऱ्यावर निघालो. विषय: कारखान्यातली वीज-पाण्याची बचत. पुण्यातून आम्ही चौघे गेलो, चार गाड्यांतून. प्रत्येक गाडीत एक पर्यावरणप्रेमी आणि एक ड्रायव्हर.

तुम्ही जाणार असाल तर सकाळी सहाला निघा. नारायणगावला चहा, संगमनेरला नाश्ता, सिन्नरनंतर घाट उतरलात की साडेअकराच्या सुमारास अंबडची औद्योगिक वसाहत येते.

कारखान्याच्या दारात आमचं स्वागत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या पुष्पगुच्छांनी झालं. मग विजेच्या बचतीवरचं भाषण. सभागृहात एसी असा सुरू होता की शेजारच्या बाईंनी पदर डोक्यावरून घेतला. तिथल्या पर्यावरणप्रमुख साहेबांनी पडद्यावरचे आकडे दाखवत ठणकावून सांगितलं, "आमच्याकडे हवेची गळती शून्य!"

यंत्रं चालवायला दाबाखालची हवा लागते, ती कॉम्प्रेसर बनवतो आणि कॉम्प्रेसर वीज खातो. पाइपातून हवा गळली की वीजच गळते. त्यामुळे मला कौतुक वाटलं.

पाहणीसाठी हिरवा गालिचा अंथरला होता. त्यावरून खाली उतरायचं नाही, अशी सूचना होती. मी पाणी शोधत उतरलो. पॅकिंगच्या कोपऱ्यात मंगलताई भेटल्या, निफाडकडच्या, कंत्राटी कामगार. पाइपाच्या सांध्यावर बोट ठेवून उभ्या होत्या.

"काय झालं, ताई?"

"हवा जातीये, साहेब. जिथं जिथं जाते तिथं मी लाल चिंध्या बांधल्या होत्या, दुरुस्तीवाल्यांना दिसाव्या म्हणून. सकाळी काढायला लावल्या. पाव्हणे येणार म्हणे." त्या हसल्या. "चिंध्या काढल्या, पण हवा काय थांबलीये?"

शंकासमाधानाच्या वेळी मी हात वर केला. ताईंचं नाव घेतलं नाही. कंत्राटी माणसाला घरी पाठवायला एक फोन पुरतो. एवढंच म्हणालो, "जेवणाच्या सुट्टीत यंत्रं थांबली की पाच मिनिटं सगळे गप्प उभे राहू या का?"

पर्यावरणप्रमुखांना नाही म्हणता येईना, कारण मोठे साहेब, म्हणजे या कारखान्याचे मालक, उठून शेडकडे चालू लागले होते. यंत्रं थांबली, आणि सगळ्या शेडमधून सूं सूं आवाज येऊ लागला. पर्यावरणप्रमुख म्हणाले, "थोडंफार... यंत्रणेचा श्वास असतो, सर."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?" मालकांनी मला विचारलं.  

"मी दाखवलं, साहेब," मागून मंगलताई म्हणाल्या. "लय दिवस सांगतेय. कुणी ऐकत नाय."

मालक त्यांच्याकडे वळले. म्हणाले, "चला, दाखवा." ताईंनी साबणाचं पाणी आणलं आणि प्रत्येक सांध्यावर फुगे काढून दाखवले. सुटाबुटातली माणसं त्यांच्यामागे रांगेने फिरली, गालिचा सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचवटीत मिसळ खाल्ली. गल्लीत गाडी नेऊ नका, रिक्षा करा. रस्सा झणझणीत, आणि दही मागितलंत तर वाढणारा कीव केल्यासारखं बघतो.

समारोपाच्या पडद्यावर नवं पान आलं: 'आमचा अभिनव उपक्रम: गळतीशोध मोहीम'. फोटोत पर्यावरणप्रमुख साबणाची बाटली धरून उभे. कडेला बांगड्या घातलेला एक हात दिसत होता, कोपरापर्यंत. निघताना मी शेडमध्ये डोकावलो. दोन फिटर पाइपांचे सांधे बदलत होते आणि मंगलताई बोट दाखवून सांगत होत्या. त्यांची नोकरी शाबूत होती. फोटोबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "राहू द्या. आवाज बंद झाला ना!"

परतीच्या वाटेवर पुण्यापर्यंत मी त्या पर्यावरणप्रमुखांची नक्कल करत हसत होतो. ड्रायव्हरही हसला.

सोमवारी मी आमच्या कामगारांना जमवलं आणि मोठ्या मनाने विचारलं, "आपल्याकडे कुठे काय वाया जातं? मोकळेपणाने सांगा."

 सर्वांत जुने ऑपरेटर साळुंखेकाका म्हणाले, "साहेब, मागे मी लिहून दिलं होतं ना. तुम्ही म्हणालात, बघतो."

मी माझ्या टेबलाचा खालचा खण उघडला. चार घड्यांचा कागद होता. घडी मोडलेली नव्हती.